थांबा नसलेली जागा

अमेरिकेतल्या सव्हाना शहरात पर्यटकांना फिरवणाऱ्या गाडीला ट्रॉली म्हणतात, पण तिला ना रूळ आहेत, ना डोक्यावर विजेची तार. ट्रकच्या सांगाड्यावर जुन्या ट्रामसारखी दिसणारी कोठी चढवलेली. आत लाकडी पट्ट्यांची बाकं, धरायला पितळी दांडे, बाजू उघड्या. पाऊस आला तर खाली सोडायला प्लास्टिकचे पडदे, आणि चालकाच्या हाताशी एक घंटा. खरी ट्राम या शहरात एके काळी होती. आधी खेचरं ओढायची, 1890 पासून ती विजेवर धावू लागली आणि 1946 मध्ये बंद पडली. रूळ गेले, मोटारी आल्या. पुढे पर्यटक येऊ लागले, तेव्हा त्यांना मोटारीत बसवून जुन्या काळात नेण्यासाठी ट्रामचं हे सोंग उभं राहिलं.

तिकीट काढलं की शर्टावर चिकटवायला एक रंगीत स्टिकर मिळतो. तो दिसला की दिवसभर कुठल्याही थांब्यावर उतरावं, हिंडावं, खावं आणि मागून येणाऱ्या पुढच्या गाडीत चढावं. थांबे पंधराच्या आसपास. न उतरता बसून राहिलं तर फेरी दीड तासात पुरी होते. गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच. कानामागून ओठाशी आलेला माईक, एक हात चाकावर, डोळे सिग्नलवर. त्याच्या मागे एक डबा असतो. उतरताना त्यात डॉलर टाकायचा रिवाज आहे आणि त्या डॉलरांवर त्याची बरीच भिस्त असते.

दीड तासात जवळपास तीनशे वर्षं उरकायची म्हणजे काटछाट आलीच. ती कशी होते हे पाहायला सव्हानासारखं दुसरं गाव नाही. इथे गाडी थांबते तिथला इतिहास विस्तारानं ऐकायला मिळतो. गाडी नुसतीच पुढे जाते तिथला एका वाक्यात आटोपतो. गाडी जातच नाही तिथला ऐकूच येत नाही. हा नियम कोणी ठरवून केलेला नाही. रस्त्याची रुंदी, झाडांच्या फांद्या, वाहनतळाची सोय आणि माणसांची आवड यांनी मिळून तो बनवला आहे.

आखून वसवलेलं गाव

सव्हाना जॉर्जिया राज्यात आहे. अटलांटिकपासून तीसेक किलोमीटर आत, नदीच्या काठी, उंच कड्यावर. 12 फेब्रुवारी 1733 रोजी जेम्स ओगलथॉर्प या इंग्रज सेनानीनं शंभराहून थोड्या अधिक वसाहतवाल्यांसह इथे मुक्काम टाकला. ही जागा त्यांना मिळाली ती यामाक्रॉ लोकांचा म्होरक्या टोमोचिची याच्या संमतीनं. दोघांमध्ये दुभाष्याचं काम मेरी मसग्रोव्ह ही बाई करत होती. तिची आई क्रीक जमातीची, बाप इंग्रज.

ओगलथॉर्पनं गावाची जी आखणी केली ती आजही नगररचनेच्या वर्गात शिकवली जाते. मध्ये मोकळा चौक. त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला घरांचे चार गाळे, प्रत्येकात दहा भूखंड. पूर्वेला आणि पश्चिमेला चार मोठे भूखंड, ते चर्च, बाजार अशा सार्वजनिक कामांसाठी. हा एक वॉर्ड. गाव वाढलं की असाच आणखी एक वॉर्ड शेजारी जोडायचा. 1851 पर्यंत अशा चौकांची संख्या 24 झाली. त्यातले 22 आज शिल्लक आहेत. गाव वेडंवाकडं न पसरता चौकटीचौकटीनं वाढलं.

ट्रॉलीवाल्यांना याहून सोयीचं गाव मिळणार नाही. दर दोन-तीन गल्ल्यांनंतर चौक येतो, चौकाला वळसा घालताना गाडी आपोआप हळू होते, आणि तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगून होते. चौकात पुतळा असतो, पुतळ्याभोवती ओकची जुनी झाडं, आणि झाडांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटा. या जटांना स्पॅनिश मॉस म्हणतात. ते शेवाळ नाही आणि त्याचा स्पेनशीही संबंध नाही, ही अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, हे सांगण्याची संधी एकही चालक सोडत नाही.

ओगलथॉर्प स्वतः चिपेवा चौकात उभा आहे, 1910 सालच्या ब्राँझच्या पुतळ्यात. पण गाडीतले निम्मे लोक तिथे पुतळ्याकडे पाहत नाहीत. 'फॉरेस्ट गंप' चित्रपटातला नायक ज्या बाकावर बसून आपली कहाणी सांगतो, तो बाक याच चौकाच्या कडेला मांडून चित्रीकरण झालं होतं. बाक चित्रपटापुरता आणलेला होता. आज तसा एक बाक शहराच्या इतिहास संग्रहालयात आहे, चौकात काही नाही. तरी त्या रिकाम्या जागेचे फोटो निघतात. चालकाला ते माहीत असतं. तो आधी बाकाची गोष्ट सांगतो, मग उरलेल्या वळशात ओगलथॉर्पची.

त्या उरलेल्या वळशात जे सांगायचं राहून जातं ते असं. ओगलथॉर्प आणि जॉर्जियाचे विश्वस्त यांनी 1735 मध्ये आपल्या वसाहतीत गुलामगिरीवर कायद्यानं बंदी घातली होती. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या तेरा वसाहतींमध्ये असं करणारी ही एकटीच. त्यामागे दया होती तसा हिशेबही होता. दक्षिणेला फ्लोरिडात स्पॅनिश बसले होते, मध्ये शस्त्र धरणारे स्वतंत्र शेतकरी हवे होते. शेजारच्या दक्षिण कॅरोलिनातल्या मळेवाल्यांची श्रीमंती पाहून इथल्यांना राहवलं नाही, आणि 1751 च्या आरंभी बंदी उठली. गावाच्या उरलेल्या इतिहासाचं बीज त्या वर्षात आहे. पण त्या वर्षाचा पुतळा नाही, म्हणून थांबाही नाही.

टोमोचिचीची गोष्ट राइट चौकात ऐकायला मिळते. 1739 मध्ये तो वारला तेव्हा ओगलथॉर्पनं त्याला गावाच्या मधोमध, याच चौकात मानानं पुरलं. 1883 मध्ये त्याच जागी एका रेल्वे कंपनीच्या संस्थापकाचं, विल्यम वॉशिंग्टन गॉर्डन यांचं, उंच स्मारक बांधण्यात आलं. पुढे गॉर्डन घराण्याच्या सुनेलाच ते खटकलं. तिच्या पुढाकारानं 1899 मध्ये चौकाच्या एका कोपऱ्यात टोमोचिचीच्या नावाचा ग्रॅनाइटचा मोठा धोंडा बसवला गेला. मध्ये आगगाडीवाला, कोपऱ्यात जमिनीचा मूळ मालक. गाडी दोघांनाही एकाच वळशात उरकते.

सांगणाऱ्याचा परवाना

या गावात माहिती सांगायची तर कधी काळी सरकारी परवाना लागत असे. शहराच्या इतिहासावर लेखी परीक्षा, पार्श्वभूमीची तपासणी, शुल्क, आणि मगच पैसे घेऊन पर्यटकांना गोष्टी सांगायची मुभा. काही गाईड न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं : बोलण्यासाठी परवाना कसला? भाषणस्वातंत्र्य घटनेनं दिलंय. शहराची बाजू अशी की इतिहास हीच आमची रोजीरोटी, तो कोणीही वाट्टेल तसा सांगू लागला तर कसं चालेल? 2015 मध्ये नगरसभेनं तो नियम मागे घेतला. 2019 मध्ये संघीय न्यायाधीशानं तो घटनाबाह्य होता असा निकालही दिला.

तेव्हापासून परीक्षा घेतं ते गिऱ्हाईक. त्याचा परिणाम संध्याकाळी दिसतो. दिवस मावळला की सव्हानात भुतांच्या फेऱ्या सुरू होतात. ट्रॉलीतून, पायी, आणि छत कापून बाकं बसवलेल्या जुन्या शववाहिकांतूनही. 1820 मध्ये पिवळ्या तापानं इथे सुमारे सातशे माणसं दगावली. कलोनियल पार्क या जुन्या दफनभूमीत तशी पाटीच आहे. एवढी सामग्री हाताशी असताना भूत उभं करायला फार कष्ट पडत नाहीत. गावातल्या जवळपास प्रत्येक खाणावळीच्या वरच्या मजल्यावर कोणी ना कोणी पांढऱ्या झग्यात फिरतं.

गोष्टींची दुसरी मोठी लाट 1994 मध्ये आली. जॉन बेरेन्ट यांचं 'मिडनाइट इन द गार्डन ऑफ गुड अँड इव्हिल' हे पुस्तक त्या वर्षी प्रसिद्ध झालं आणि चार वर्षांहून अधिक काळ न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत राहिलं. विषय सव्हानातला एक खून आणि त्याभोवतीची विक्षिप्त माणसं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दफनभूमीतल्या एका मुलीच्या मूर्तीचं छायाचित्र होतं. ती पाहायला एवढी गर्दी लोटली की मूर्ती तिथून उचलून संग्रहालयात ठेवावी लागली. मॉन्टेरी चौकात गाडी येते तेव्हा लोक खून झालेल्या घराकडे माना वळवतात. त्याच चौकात मिक्वे इस्रायल हे ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. 1733 च्या जुलैमध्ये, गाव वसल्यानंतर अवघ्या पाच महिन्यांत, ज्यूंचा एक तांडा जहाजानं इथे उतरला. त्यात डॉक्टर सॅम्युएल न्यूनेस होते. वसाहतीतली माणसं तापानं पटापट मरत होती, त्यांच्यावर त्यांनी उपचार केले. गाव जगवणाऱ्या डॉक्टरला चौकात खुनाच्या मानानं निम्मा वेळ मिळतो.

कापूस, इथला आणि आपला

नदीकाठचा रस्ता गाडीतून पाहण्यापेक्षा पायी पाहावा. युरोपातून रिकामी येणारी जहाजं तोल सांभाळण्यासाठी बुडाशी दगड भरून आणत आणि इथे कापूस भरण्यापूर्वी ते उतरवत. त्याच दगडांनी उतार आणि भिंती बांधल्या आहेत. वर कड्याच्या कडेला कापूस दलालांच्या पेढ्यांची ओळ, खाली गोदामं, दोन्हींना जोडणारे लोखंडी साकव. दलाल त्या साकवांवर उभे राहून खालून जाणारा माल पारखत. मधोमध 1887 सालची तांबड्या विटांची कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे. इथे गाडी थांबते, कारण खाली मिठाईची आणि स्मृतिवस्तूंची दुकानं आहेत.

या कापसाचं मूळ नदीच्या वरच्या अंगाला आहे. 1793 मध्ये सव्हानाजवळच्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर एली व्हिटनी नावाच्या तरुणानं सरकी वेगळी करणारं यंत्र बनवलं. वऱ्हाड-खानदेशातल्या वाचकाला जिन म्हटल्यावर वेगळं सांगावं लागणार नाही. हातानं सरकी काढणं हे कापसातलं सर्वांत किचकट काम. ते यंत्रानं सोपं झालं, तर मजुरांचे कष्ट कमी होतील असं कोणालाही वाटेल. झालं उलटं. सरकीची अडचण दूर झाल्यावर जितका पेरावा तितका कापूस विकला जाऊ लागला आणि तो पेरायला, वेचायला माणसं कमी पडू लागली. 1790 मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, 1860 मध्ये जवळजवळ चाळीस लाख.

पुढचा धागा थेट मुंबईत पोचतो. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखायला सुरुवात केली. एप्रिल 1862 मध्ये सव्हाना नदीच्या मुखावरचा पुलास्की किल्ला पडला. विटांच्या जाड भिंतींचा हा किल्ला अभेद्य मानला जात होता. नव्या पद्धतीच्या तोफांनी तो तीसेक तासांत फोडला. सव्हानाचं बंदर व्यापाराला जवळपास बंद झालं, गाठी गोदामात पडून राहिल्या. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवाच होता. तो वऱ्हाडातून, खानदेशातून, गुजरातेतून मुंबईच्या धक्क्यावर येऊ लागला आणि भाव कुठच्या कुठे गेले. व्यापारी प्रेमचंद रायचंदांचं नाव मुंबईत दुमदुमू लागलं. बॅक बेचा समुद्र बुजवायला निघालेल्या कंपनीचे शेअर घेण्यासाठी पेढ्यांपुढे रांगा लागल्या. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला, कापसाचा भाव कोसळला, आणि 1 जुलै 1865 रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा मुंबईतल्या अनेक पेढ्या बुडाल्या. राजाबाई टॉवर हा प्रेमचंदांच्या त्या वैभवाच्या काळातल्या देणगीचा मनोरा. सव्हानातल्या कुलूपबंद गोदामांचा आणि मुंबईतल्या त्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचा संबंध कुठल्याही गाडीत सांगत नाहीत. इथेही नाही आणि मुंबईतही नाही.

शेर्मनची भेट

सव्हाना इतकं साबूत कसं राहिलं, याचं उत्तर मॅडिसन चौकात मिळतं. उत्तरेचा सेनापती विल्यम शेर्मन यानं अटलांटा जाळलं आणि साठेक हजारांची फौज घेऊन समुद्राकडे कूच केलं. वाटेत आगगाडीचे रूळ उखडले, कोठारं लुटली. डिसेंबर 1864 मध्ये तो सव्हानाच्या वेशीवर आला. दक्षिणेची फौज 20 डिसेंबरच्या रात्री नदीवर तात्पुरता पूल टाकून निसटली आणि दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षानं गाव हवाली केलं. शेर्मननं राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना तारेनं कळवलं की नाताळची भेट म्हणून सव्हाना शहर देत आहे, सोबत दीडशे तोफा आणि सुमारे पंचवीस हजार गाठी कापूस. ही तार प्रत्येक गाडीत सांगितली जाते. गाव फार सुंदर होतं म्हणून शेर्मनला ते जाळवेना, अशी पुस्तीही जोडली जाते. खरं कारण रुक्ष आहे. लढाई न होता हाती आलेलं बंदर, रसदीला उपयोगी. ते जाळायचं कशाला?

शेर्मन ज्या घरात उतरला ते चार्ल्स ग्रीन या इंग्रज कापूस व्यापाऱ्याचं. घर आजही उभं आहे, नक्षीदार लोखंडी ओसरीसह. गाडी त्याच्यासमोरून जाते आणि भेटीची गोष्ट संपेपर्यंत पुढचं वळण येतं.

माझ्या मागच्या बाकावर एक मराठी कुटुंब होतं. मुलगा-सून अटलांटाला, आईवडील नाशिकहून आलेले. अटलांटाहून सव्हाना चार तासांवर, त्यामुळे तिथे पाहुणे आले की ही सहल ठरलेली असते. मुलगा चालकाचं इंग्रजी आईला हळू आवाजात समजावत होता. या वळणावर काकू म्हणाल्या, "अरे, घर कुणाचं, घोडा कुणाचा, भूत कुणाचं, सगळं सांगितलं ह्यानं. त्या घरात भांडी कोण घासत होतं ते नाही सांगितलं." मुलगा हसला. "आई, तो गाडी चालवतोय ना!" काका म्हणाले, "पण बरोबर विचारतेय ती."

बरोबरच होतं. त्याच घरात, 12 जानेवारी 1865 च्या संध्याकाळी, शेर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी सव्हानातल्या वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून घेतलं आणि विचारलं : तुमच्या लोकांना काय हवं आहे? सगळ्यांच्या वतीनं गॅरिसन फ्रेझियर बोलले. वय 67. स्वतःचं आणि बायकोचं स्वातंत्र्य त्यांनी एक हजार डॉलर मोजून विकत घेतलं होतं. त्यांनी सांगितलं, आम्हाला जमीन हवी, ती आमच्या कष्टानं कसता यावी, म्हणजे आमचं आम्ही निभावू. चार दिवसांत शेर्मननं विशेष हुकूम क्रमांक 15 काढला. चार्ल्स्टनपासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीतली जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत देण्याचा. सुमारे चाळीस हजार माणसं त्या जमिनीवर गेली. लिंकन यांची हत्या झाली, अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि वर्ष संपायच्या आत बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देण्याचे आदेश निघाले. अमेरिकेत आजही भरपाईची मागणी होते तेव्हा चाळीस एकरांचा हवाला दिला जातो. तो हवाला या घरातल्या एका संध्याकाळचा आहे. नाताळच्या भेटीची गोष्ट वीस सेकंदांत सांगता येते आणि हसू येतं. ही गोष्ट सांगायला गाडी थांबवावी लागेल.

मार्गाबाहेर

मार्च 1859 च्या 2 आणि 3 तारखांना सव्हानाच्या पश्चिमेला, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर माणसांचा लिलाव झाला. टेन ब्रोक हे त्या मैदानाचं नाव. पियर्स बटलर या मळेवाल्यानं जुगारात आणि व्यवहारात पैसा घालवला होता. कर्ज फेडायला त्यानं आपल्या भाताच्या आणि कापसाच्या मळ्यांवरचे 436 गुलाम विक्रीला काढले. पुरुष, बाया, तान्ही मुलं. लिलावाआधी त्यांना घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलं होतं. खरेदीदार येऊन त्यांचे दात, दंड तपासत होते. दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता. विक्रीतून तीन लाख डॉलरांहून अधिक रक्कम आली. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेली गणगोतं वेगवेगळ्या राज्यांत गेली. त्यांच्या वंशजांच्या तोंडी त्या दोन दिवसांना 'रडण्याची वेळ' असं नाव राहिलं.

हे सगळं कळलं ते एका बातमीदारामुळे. न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा मॉर्टिमर थॉमसन खरेदीदाराचं सोंग घेऊन, हातात यादी आणि पेन्सिल घेऊन गर्दीत मिसळला आणि परत जाऊन सविस्तर वृत्तांत छापला. बटलरची घटस्फोटित बायको, इंग्रज नटी फॅनी केम्बल, हिनं मळ्यावर राहताना लिहिलेली रोजनिशी 1863 मध्ये प्रसिद्ध झाली. तीही याच माणसांबद्दलची.

त्या जागी पाटी बसली 2008 मध्ये, जवळपास दीडशे वर्षांनी. ती जुन्या गावाच्या चौकटीबाहेर आहे, गोदामं आणि साध्या घरांच्या वस्तीत. ट्रॉली तिकडे जात नाही. जाणं सोपंही नाही. वाटेत पाहण्यासारखं काही नाही, उतरून खरेदी करण्यासारखं काही नाही, आणि दीड तासाच्या फेरीतला बराच वेळ जाईल.

गाडी फ्रँकलिन चौकाशी येते. तिथलं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च त्याच 1859 साली पुरं झालं. दिवसा मालकाचं काम करून रात्री गुलामांनी आपल्या हातांनी ते बांधलं. तळघरातल्या लाकडी जमिनीला विशिष्ट नक्षीत भोकं पाडलेली आहेत. खाली चारेक फुटांची पोकळी आहे. पळून आलेले गुलाम तिथे लपत आणि त्यांना हवा मिळावी म्हणून ती भोकं होती, असं चर्चची परंपरा सांगते. हे ऐकायचं तर थांब्यावर उतरून चर्चच्या स्वतःच्या फेरीत सामील व्हावं लागतं. उतरणारे थोडे असतात. समोरच सिटी मार्केट आहे आणि तिथे आइसक्रीम मिळतं.

गाव वाचवलं कोणी

सव्हाना दिसतं तसं आपोआप राहिलेलं नाही. 1954 मध्ये एलिस चौकातला जुना बाजार पाडून तिथे मोटारी ठेवायची बहुमजली इमारत उभी राहिली. त्याआधी 1935 मध्ये महामार्गासाठी दोन चौक गेले होते. 1955 मध्ये 1820 सालचं डेव्हनपोर्ट घर पाडून वाहनतळ करायचं ठरलं, तेव्हा सात बायका एकत्र आल्या. त्यांनी 22,500 डॉलर जमवून घर विकत घेतलं. त्यातून हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन उभं राहिलं आणि शेकडो इमारती वाचल्या. 2010 मध्ये एलिस चौकही परत मिळाला. मोटारींची इमारत पाडून मोटारी जमिनीखाली नेल्या. सात बायकांची गोष्ट गाडीत आवर्जून सांगतात आणि सांगायलाच हवी.

आठवं नाव एका पोस्टमनचं आहे. वेस्टली वॉलेस लॉ, जन्म 1923. सव्हानातल्या एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे ते 1950 पासून पाव शतक अध्यक्ष होते. मार्च 1960 मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी ब्रॉटन रस्त्यावरच्या दुकानांत गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या टेबलांशी जाऊन बसले. त्यांना अटक झाली आणि त्या रस्त्यावरच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. तो वर्षाहून अधिक काळ टिकला आणि दुकानदारांना नमावं लागलं. 1961 मध्ये लॉ यांची टपाल खात्यातली नोकरी गेली. देशभरातून दबाव आल्यावर ती परत मिळाली.

आपलं आंदोलन जिंकल्यावर या माणसानं जे केलं ते इथे महत्त्वाचं. जुनी घरं वाचवणाऱ्यांच्या यादीत कृष्णवर्णीयांची घरं, शाळा फारशी नव्हती. लॉ यांनी ती वाचवायला घेतली. मुक्त गुलामांच्या मुलांसाठी उघडलेली बीच इन्स्टिट्यूट, किंग-टिस्डेल कॉटेज, पुढे 1996 मध्ये नागरी हक्कांचं संग्रहालय. आणि त्यांनी 'नीग्रो हेरिटेज ट्रेल' ही स्वतःची फेरी सुरू केली. गाडी मार्ग बदलत नाही, तर आपण आपला मार्ग आखू, असा तो सरळ हिशेब होता.

त्याला जुना दाखला आहे. सव्हानाच्या खऱ्या ट्रामची एक गोष्ट नकली ट्राममध्ये सांगत नाहीत. 1906 मध्ये नगरसभेनं ट्राममध्ये गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या बसायच्या जागा वेगळ्या केल्या, तेव्हा शहरातल्या कृष्णवर्णीयांनी ट्रामवर बहिष्कार घातला. लोक पायी गेले, घोडागाड्या केल्या. नियम हटला नाही. पण मॉन्टगोमेरीत बसवरचा प्रसिद्ध बहिष्कार झाला त्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधीची ही घटना आहे. आज तिकीट काढून ज्या नकली ट्राममध्ये हौसेनं बसतो, तिच्या मूळ रूपात कोणी कुठे बसायचं हा भांडणाचा विषय होता.

पाटी बदलते तेव्हा

फेरीच्या शेवटच्या टप्प्यात गाडी एका चौकाला वळसा घालते. या चौकाला दीडशेहून अधिक वर्षं जॉन कॅल्हून यांचं नाव होतं. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष आणि गुलामगिरीचे कट्टर समर्थक. गावातल्या लोकांनी नाव बदलण्याची मोहीम काढली. सह्या गोळा केल्या, नगरसभेपुढे बाजू मांडली. 2022 मध्ये जुनी पाटी उतरली आणि ऑगस्ट 2023 मध्ये चौकाला सूझी किंग टेलर यांचं नाव मिळालं. जन्म 1848, गुलामगिरीत. काळ्यांना वाचायला शिकवणं गुन्हा असताना त्या सव्हानात चोरून वाचायला शिकल्या. पुस्तकं कागदात गुंडाळून शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायच्या. चौदाव्या वर्षी त्या उत्तरेच्या फौजेकडे पळाल्या, मुक्त झालेल्या मुलांना शिकवलं, कृष्णवर्णीयांच्या पलटणीत जखमींची शुश्रूषा केली आणि 1902 मध्ये स्वतःच्या आठवणींचं पुस्तक काढलं. सव्हानाच्या बावीस चौकांत बाईच्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तीच्या नावाचा हा पहिला.

आमच्या चालकानं इथे गाडी हळू केली आणि सूझी किंग टेलर यांच्याबद्दल चार वाक्यं सांगितली. कागदात गुंडाळलेली पुस्तकं, फौज, शाळा, पुस्तक. चार वाक्यं म्हणजे या फेरीत पुष्कळ झाली. कॅल्हून यांचं नाव चौकाला होतं तेव्हा त्या चार वाक्यांना इथे जागा नव्हती.

नदीकाठी 2002 मध्ये उभारलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्मारकाचंही असंच. आई, बाप, दोन मुलं, पायाशी तुटलेल्या साखळ्या. ते व्हावं म्हणून अ‍ॅबिगेल जॉर्डन या शिक्षिकेनं वर्षानुवर्षं खेपा घातल्या. त्यावर कोरायचा माया अँजेलो यांचा मजकूर जहाजाच्या बुडातल्या माणसांबद्दल फार स्पष्ट बोलतो म्हणून वाद झाला. शेवटी अँजेलो यांनी आशेचं एक वाक्य वाढवलं, मूळ मजकूर तसाच ठेवला. स्मारक गाडीच्या थांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभं राहिलं, म्हणून आज ते फेरीत येतं.

सव्हानाला जाणाऱ्यांनी ट्रॉलीत जरूर बसावं. गावाचा अंदाज घ्यायला यापरता स्वस्त आणि मजेचा उपाय नाही, आणि उन्हाळ्यात तर सावलीत बसून पाहता येतं हेही थोडं नाही. चालकाच्या डब्यात डॉलर टाकावा. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही, कारण तो पाटी, पुतळा आणि वाहतूक जेवढं सांगू देतात तेवढंच सांगतो. मग चर्चच्या थांब्यावर उतरावं, ग्रीन यांच्या घरात आत जाऊन त्या वीस जणांबद्दल विचारावं, आणि टॅक्सी करून शर्यतीच्या मैदानाची पाटी पाहून यावं. आपल्याकडे मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात वारसाफेऱ्या आता जोरात आहेत. वाडा बांधणाऱ्याचं नाव तिथे ऐकू येतं, दगड वाहणाऱ्याचं नाही. त्यांच्या गाईडनंही ते आपण होऊन सांगावं अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा सव्हानाच्या लोकांनी काय केलं ते पाहावं. त्यांनी नगरसभेत जाऊन चौकाचं नाव बदलून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीला ते सांगावं लागलं.